चारचौघांत बोलायची भीती वाटते, रोजचा धीर आणायचा कुठून?

दुकानात, ऑफिसात, साधा फोन करतानाही छाती धडधडते, असं तुम्ही लिहिलंय. मीही त्यातलाच. कंडक्टरकडे राहिलेले सुट्टे पैसे मी किती वेळा सोडून दिलेत, हिशेब नाही.

एकदा ठरवलं, आज मागायचेच. स्टॉप येईपर्यंत वाक्य घोकलं, तळहात ओलेचिंब, आणि तोंडातून निघालं नुसतं "ते... आठ". त्याने मान वर न करता ८ रुपये हातावर ठेवले. संपलं! त्याच्या लेखी काही घडलंच नव्हतं.

भीती गेली की मग बोलू, असं होत नाही. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं, आणि मन शिकतं की टाळलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती आणखी घट्ट. सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) या उपचारपद्धतीत म्हणूनच सोप्या प्रसंगापासून सुरुवात करून तो पुन्हा पुन्हा अनुभवायला लावतात. पळवाटाही सोडायला सांगतात, म्हणजे मोबाइलमध्ये डोकं घालणं, वाक्य घोकणं (माझं अजून सुटलेलं नाही).

नोकरी, कॉलेज, लग्नकार्य सगळंच टाळायची वेळ आली असेल तर मात्र मानसोपचारतज्ज्ञ गाठा. "बिनधास्त बोलत जा" म्हणणारे काका-मामा इथे कामाचे नाहीत. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, २४ तास, मराठीतही बोलता येतं. फोन लावायचीच भीती वाटते ना? पहिल्या वेळी कुणाला तरी शेजारी बसवा, चालतं.