डोळे मिटल्यावर मान कुठे असते?

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिकवते. गेले आठ महिने मान आणि डोक्याचा मागचा भाग दुखतो आहे. एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली. फिजिओथेरपिस्टकडे गेले, तेव्हा त्यांनी शेक किंवा ट्रॅक्शन न देता माझ्या डोक्याला लेझरचा लहानसा दिवा बांधला आणि डोळे मिटून मान वळवायला व पुन्हा मूळ जागी आणायला सांगितले. अर्धा तास हेच चालले होते. दुखणे राहिले बाजूला, ही कसली तपासणी? हिच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : जरूर ठेवावा. फ्रान्समधील रेव्हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही तपासणी १९९१ मध्ये मांडली आणि तेव्हापासून जगभर तिचा अभ्यास होत आला आहे. आपल्याकडे ती फारशी केली जात नाही, म्हणून ती नवखी वाटते.

मान हा डोके पेलणारा खांब आहे, तसेच ते एक ज्ञानेंद्रियही आहे. कवटीच्या तळाशी, मागच्या बाजूला जे छोटे छोटे स्नायू असतात, त्यांत स्नायू किती ताणला गेला हे मेंदूला कळवणारे सूक्ष्म संवेदक फार दाटीने असतात. डोळ्यांकडून आणि अंतर्कर्णातील तोलाच्या इंद्रियाकडून येणाऱ्या माहितीशी त्यांच्या निरोपांचा मेळ बसला, की डोके कुठे आहे हे आपल्याला न पाहता कळते. मान दीर्घकाळ दुखत राहिली, की हे निरोप अनेकांच्या बाबतीत अस्पष्ट होतात. डोळे उघडे असताना ही चूक झाकली जाते, कारण नजर ती लगेच सुधारून घेते. म्हणूनच आपल्याला डोळे मिटायला सांगितले.

भिंतीपासून ९० सेंटिमीटरवर, पाठीला आधार देऊन रुग्णाला बसवतात. डोक्यावरच्या दिव्याचा ठिपका भिंतीवर जिथे पडतो, ती जागा मध्य धरतात. रुग्णाने डोळे मिटून सावकाश मान वळवायची, परत आणायची आणि मूळ जागी आलो असे वाटले की सांगायचे. मग ठिपका मध्यापासून किती दूर थांबला ते मोजतात. हे अंतर सरासरी ७ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे साडेचार अंशांपेक्षा जास्त असेल, तर ते लक्षणीय मानतात. एका प्रयत्नावरून काहीच ठरत नाही. प्रत्येक दिशेला अनेक वेळा करून सरासरी काढावी लागते, त्यामुळे आपला अर्धा तास वाया गेला असे मला वाटत नाही.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा ठिपका दर वेळी मध्याच्या डावीकडे वीतभर थांबत असे. डोळे उघडून भिंतीकडे पाहिल्यावर त्या म्हणाल्या, “अहो, मी तर अगदी सरळ बघत होते.” आकड्याइतकेच मी ठिपक्याच्या वाटेकडेही पाहते. तो सरळ रेषेत सरकतो की टप्प्याटप्प्याने अडखळत जातो, मान वळताना त्या बाजूचा खांदा वर उचलला जातो का, वर पाहून परत येताना हनुवटी आधी पुढे येते का, हे सारे बघावे लागते. फळ्यावर लिहिता लिहिता वर्गाकडे वळून पाहणाऱ्या शिक्षिकेच्या बाबतीत तर वर पाहणे आणि वळणे एकत्र करून तपासायला हवे.

अर्थात, या चाचणीला मर्यादा आहेत. डोके हलले की अंतर्कर्णही माहिती देतो, त्यामुळे चूक केवळ मानेचीच आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. शिवाय मान दुखणाऱ्या प्रत्येकात ही चूक सापडतेच असे नाही. तिच्या जोडीला मानेच्या खोलवरच्या स्नायूंची ताकद, आणि आपले डोके मागून दुखते म्हणून मान पूर्ण वाकवून वळवण्याची चाचणीही करून घ्यावी. या दुसऱ्या चाचणीत निरोगी मान दोन्ही बाजूंना सुमारे ४४ अंश वळते.

एक्स-रेतील झिजेचे मात्र दडपण घेऊ नका. मान दुखत नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय जपानमध्ये तपासले गेले आणि ती पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकती फुगलेली होती. फोटोत झीज दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडलेच असे नसते. दिव्याच्या चाचणीत चूक निघाली, तर तोच दिवा पुढे व्यायामालाही वापरतात. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून मध्य गाठायचा आणि उघडून पडताळायचा. दिवा कोणाच्या डोळ्यांवर जाणार नाही एवढी काळजी घ्या.

प्रश्न : मी ५८ वर्षांचा शिंपी आहे. मानेच्या दुखण्यासाठी गेलो असता “मान आपल्या शरीराचा भाग नाही असे वाटते का?” असे प्रश्न असलेला कागद भरून घेतला. मुलगा म्हणतो, त्यांना हे दुखणे मनाचे वाटत असणार. हल्ली सुईत दोरा ओवायला वेळ लागतो, पण ते चष्म्यामुळे असावे.

उत्तर : तसा अर्थ मुळीच काढू नका. ही प्रश्नावली मूळ ऑस्ट्रेलियातील असून कंबरदुखीसाठी तयार झाली होती, नंतर ती मानेसाठी बदलून घेण्यात आली. कंबरेच्या मूळ प्रश्नावलीत ९ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे एकूण ३६ गुण असतात. दुखऱ्या भागाचे मेंदूतील चित्र पुसट झाले आहे का, एवढेच तिच्यातून पाहायचे असते. दुखणे खरे आहे हे गृहीत धरूनच ती विचारली जाते. आपल्याकडची माणसे “मान परकी झाली” असे म्हणत नाहीत. ती म्हणतात “मान धरली”, “डोक्यावर पाटी ठेवल्यासारखे वाटते”. कागदावरचा प्रश्न समजला नाही, तर आपल्या शब्दांत सांगा आणि तेच शब्द लिहून घ्यायला लावा.

मला काळजी वाटते ती आपण शेवटी सहज लिहिलेल्या वाक्याची. बोटे अडखळणे हे मानेत मज्जारज्जूवर दाब आल्याचे पहिले लक्षण असू शकते. पूर्ण मूठ उघडून मिटण्याची क्रिया १० सेकंदांत किमान २० वेळा जमायला हवी. ती त्याहून कमी होत असेल, शर्टाची बटणे लावताना त्रास होत असेल, चालताना तोल जात असेल किंवा लघवीवरचा ताबा बदलला असेल, तर प्रश्नावली आणि व्यायाम दोन्ही बाजूला ठेवून याच आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. मूठ नीट उघडत-मिटत असली, तरी बोटांची तक्रार त्यांच्या कानावर घाला. तोवर केस कापताना मान मोडून घेऊ नका.