‘ते पुस्तक काढून घेऊ का?’

पुस्तक वाचून मूल घाबरलं तर ते काढून घ्यावं का, हा प्रश्न वाचणाऱ्या मुलांचे आईवडील मला वारंवार विचारतात. मी आधी त्यांना विचारते, ते नेमकं कुठल्या पानावर घाबरलं? एका घराची गोष्ट सांगते, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

मुलगा तेरा वर्षांचा, कोल्हापूरचा. शाळेच्या वाचनालयातून त्यानं एक कादंबरी आणली होती. सोव्हिएत राजवटीनं १९४० मध्ये सैबेरियात हद्दपार केलेल्या एका पोलिश कुटुंबातले दोन भाऊ, आईवडील तिकडंच वारलेले, थोरला धाकट्याला जपत वाट काढतोय, अशी ती गोष्ट. पुस्तक अर्ध्यावर आलं आणि हा मुलगा रात्री उठून धाकट्या भावाच्या अंथरुणाशी बसायला लागला. दप्तरात बिस्किटांचे पुडे साठवायला लागला. आई रडवेली झाली होती. वडिलांचं मत ठाम होतं, असली रडकी पुस्तकं शाळेनं ठेवूच नयेत.

मी त्याला पुस्तक घेऊन बोलावलं आणि जिथं थांबलास ते पान वाचून दाखव म्हटलं. ते पान उपासमारीचं नव्हतं, मरणाचंही नव्हतं. अनाथाश्रमात मुलांच्या वयाप्रमाणे दोन रांगा लावतात आणि भाऊ वेगवेगळ्या रांगांत जातात, ते पान होतं. तिथं त्याचा आवाज अडकला. मी काही बोलले नाही. मग त्यानंच विचारलं, “आई-पप्पांना काय झालं तर बारक्याला मामा नेणार आणि मला काका. तसंच करणार ना?”

हे कादंबरीतलं नव्हतं. मागच्या वर्षी आईचं ऑपरेशन झालं, तेव्हा धाकट्याला मामाकडं आणि याला काकांकडं ठेवलं होतं. मोठ्यांनी सोय बघितली, त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण या पोराला कुणी काही सांगितलं नव्हतं, विचारलं नव्हतं. भीती तेव्हापासून आत होती. पुस्तकानं तिला बोलतं केलं.

दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघींनी लंडनमध्ये हॅम्पस्टेड इथं लहान मुलांसाठी निवासी बालगृहं चालवली. बॉम्बहल्ल्यांतही आईजवळ राहिलेली लहान मुलं बऱ्यापैकी सावरलेली असत, सुरक्षित जागी पण घरच्यांपासून तोडलेली मुलं जास्त खचत, असं त्यांनी नोंदवून ठेवलं. युद्धकथा वाचून घाबरलेल्या मुलाशी बोलताना मला ही नोंद नेहमी आठवते. आपण बंदुकांबद्दल समजूत घालत बसतो आणि मूल विचारत असतं, मी कुणाजवळ असेन?

“आम्हाला काही होत नाही रे” हे उत्तर तेरा वर्षांच्या मुलाला पुरत नाही. तसं वचन कुणालाच देता येत नाही, हे त्याला कळतं. म्हणून मी आईवडिलांना म्हटलं, आधी तुम्ही ठरवा, मग त्याला सांगा. त्यांना अवघड गेलं. आईला तो विषय अभद्र वाटत होता. शेवटी ठरलं मावशीचं. दोघं तिच्याकडे, एकाच घरात. मावशीनं स्वतः फोन करून दोघांना सांगितलं, हे मला फार मोलाचं वाटतं. मृत्युपत्रात मुलांसाठी पालक नेमण्याची सोय हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये आहे, तीही वडिलांनी वकिलाकडून समजून घेतली.

पुढच्या भेटीत तो वळिवड्याबद्दल बोलला. कादंबरीतल्यासारखी खरी पोलिश माणसं इराणमार्गे कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आली होती, हे त्याला आजोबांनी सांगितलं. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे पाच हजार जण राहिले, त्यांत बायका आणि मुलंच जास्त. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं. पुस्तकातली मुलं उघड्यावर पडली तेवढंच त्याला आतापर्यंत दिसलं होतं. कुणीतरी त्यांना ठेवून घेतलं, शाळेत घातलं, हेही त्याच इतिहासात आहे, आणि मुलांना ते आवर्जून सांगावं.

झोप दोन-तीन आठवडे उडालेली राहिली, खाणं सुटलं, मूल शाळेला किंवा मित्रांना टाळू लागलं, किंवा स्वतःच्या मरणाबद्दल बोललं, तर मात्र पुस्तकाचा विषय बाजूला ठेवून लगेच तज्ज्ञाला दाखवा. स्वतःच्या मरणाबद्दल बोललं असेल तर दोन आठवडे थांबूच नका.

या मुलानं कादंबरी पूर्ण केली. शेवट त्याला मुळीच पटला नाही आणि तो तासभर वडिलांशी त्यावर वाद घालत होता. वडिलांनीही तोवर पुस्तक वाचून काढलं होतं.