वाचक विचारतात: किनाऱ्याने गावोगावी चालताना

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघे दापोली तालुक्यात केळशीपासून दक्षिणेकडे समुद्राच्या कडेने चालायचं म्हणतो. मी शाळेत शिकवते, त्यामुळे लाभपंचमीनंतरही दोन-तीन दिवस हाताशी आहेत. नेमके कोणते दिवस घ्यावेत? रोज किती चालावं?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी पंचांग उघडा, किलोमीटर नंतर मोजा. कोकणातला जुना हिशेब असा : पक्षातल्या तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता भरती. त्याआधी सव्वासहा तास, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. पंचमीला ती साडेनऊला, षष्ठीला सव्वादहाला. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचा एक तास पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळूची पट्टी, रुंद आणि घट्ट असते. चालायचं तेवढ्याच वेळात.

म्हणून भाऊबीज आटोपून रात्री निघा, तृतीयेला केळशी गाठा आणि चतुर्थी, पंचमी, षष्ठी हे तीन दिवस चाला. अमावास्येचं उधाण नुकतंच सरलेलं असतं, त्यामुळे ओहोटीला पाणी अजून बरंच मागे जातं. अष्टमीला भांग असते : पाणी फारसं चढत नाही की उतरत नाही, चालायला अरुंद पट्टी उरते आणि ओहोटीही भर दुपारी येते. दशमी ते द्वादशी सकाळीच भरती असते, तेव्हा किनाऱ्याचा नादच सोडा. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, कारण तिथी काही सूर्योदयालाच सुरू होत नाही. आदल्या संध्याकाळी गावातल्या मच्छीमाराला वेळ विचारून घ्या.

पहिला दिवस केळशी, उटंबर, आडे, पाडले, आंजर्ले. हा सगळ्यात लांब, म्हणून साडेसहाला उजाडताच निघा. उटंबरच्या डोंगराला खडकांवरून वळसा घालू नका, रस्त्याने वर चढून पलीकडे उतरा. दुसरा दिवस आंजर्ले, खाडीवरचा पूल, हर्णै, मुरूड. कड्यावरचा गणपती करायचा तर पहिल्या दिवशी संध्याकाळी करा, सकाळची ओहोटी त्यात घालवू नका. हर्णै ते मुरूड रस्ताच धरा. तिसरा दिवस मुरूड ते कर्दे. षष्ठीला ओहोटी उशिरा आणि ऊन लवकर, तेव्हा हा दिवस मुद्दामच छोटा.

घट्ट ओल्या वाळूवर ताशी चार किलोमीटर पडतात, कोरड्या भुसभुशीत वाळूत दोन-अडीच. वेळापत्रक कोसळतं ते इथेच. निघायला दीड तास उशीर झाला की शेवटचा टप्पा भरती तुम्हाला कोरड्या वाळूत ढकलते.

वडोदऱ्याहून कोकण रेल्वेवर जाणाऱ्या गाड्या वसई रोड, पनवेलमार्गे जातात, पण लांब पल्ल्याच्या सगळ्याच खेडला थांबत नाहीत. थांबा पाहून तिकीट काढा, नाहीतर पनवेलला गाडी बदला. खेडहून दापोली सुमारे तीस किलोमीटर, पुढे केळशीला एसटी. दिवाळीत घरगुती राहण्याच्या सोयी भरलेल्या असतात, त्यामुळे जागा आधीच ठरवा, आणि जेवण आदल्या रात्रीच सांगा : ऐनवेळी मासे मिळतील, घावने नाहीत. मोठ्या बॅगा रिक्षाने पुढच्या गावी पाठवता येतात. पाठीवर माणशी तीन लिटर पाणी आणि टोपी, एवढं पुरे.

प्रश्न : ओहोटीला खाडी चालत ओलांडता येते असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खाडी नाही. समुद्राला भरती लागली तरी खाडीतलं पाणी काही वेळ बाहेर ओढतच असतं, त्यामुळे तुमचा ओहोटीचा हिशेब आत लागू पडत नाही. तोंडावरचे वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, आणि काठाचा चिखल मांडीपर्यंत घेतो. पूल किंवा होडी, तिसरा मार्ग नाही. लहान पऱ्या, म्हणजे ओढा, मात्र ओलांडता येतो : जिथे तो पसरट होतो तिथे, गुडघ्याखाली पाणी असेल तरच, पाय न उचलता तळाशी सरकवत.

प्रश्न : पायात काय घालावं? मागच्या वेळी अनवाणी चालून एकाच पायाचा घोटा सुजला.

उत्तर : दोष अनवाणी चालण्याचा कमी, उताराचा जास्त. पुळण समुद्राकडे कललेली असते. दक्षिणेकडे चालताना उजवा पाय सतत खाली पडतो आणि तोच घोटा वाकतो. पाण्याजवळची सपाट पट्टी धरा, ओहोटी गाठायची ती यासाठीही. टाचेला पट्टा असलेले फ्लोटर बरे. बंद बुटात खारी वाळू शिरली की तासाभरात फोड. खडकांवर कालवं ब्लेडसारखी कापतात आणि शेवाळावर कुठलाच तळवा टिकत नाही, म्हणून खडक लागला की वर रस्त्याला या. जाण्याआधी वडोदऱ्याजवळ सिंधरोटला मही नदीच्या कोरड्या वाळूत, पाण्यात न उतरता, तासभर चालून पाहा. पट्टा कुठे घासतो ते तिथेच कळेल.

प्रश्न : एवढं लांब कशाला? कावी-कंबोईपासून खंभातच्या आखातात असंच चालता येईल ना?

उत्तर : नाही. कंबोईचं महादेवाचं देऊळ भरतीत बुडतं ते आपण पाहिलं असेल. आखाताचं तोंड रुंद आणि पुढे निमुळतं, त्यामुळे पाणी कोंडून चढतं. भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरपर्यंत जातो. तळ वाळूचा नाही, गाळाचा आहे, आणि सपाटीवर पाणी माणसाच्या चालीपेक्षा लवकर येतं. देवळाच्या वेळा पाळून दर्शन घ्या आणि परत फिरा.