त्या रात्री आणखीही होड्या होत्या

प्रिय बेटा,
सप्रेम सलाम.

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा लांबलचक मेसेज सकाळी पाहिला. मोबाइलवर एवढं लिहिणं मला जमत नाही, म्हणून कागद घेतला. नात फोटो काढून पाठवेल.

तू विचारलंस, "काका, रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायला उभं राहा म्हणतात. सोयाबीन गंजीतच सडलं, बाबा खाटेवर, आणि मी उभं राहून काय म्हणू? प्रभूत आनंद आहे म्हणून?"

नको म्हणू. साक्ष म्हणजे पाहिलं ते सांगणं. जे पाहिलं नाही ते मंडळीपुढे सांगितलं तर ती खोटी साक्ष झाली, आणि तिच्याबद्दल दहा आज्ञांत काय आहे ते तुला मीच संडेस्कूलमध्ये पाठ करून घेतलं होतं. तुझा विश्वास कमी पडतो असं ज्यांनी ऐकवलं, त्यांच्याशी वाद घालत बसू नको. माणसं चांगली आहेत, त्यांना घाई आहे एवढंच.

आता बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढ. गालील समुद्र म्हणतात, पण ते तळं आहे, 21 किलोमीटर लांब, 13 रुंद. समुद्रसपाटीपेक्षा 200 मीटरहून जास्त खोल, भोवती डोंगर, त्यामुळे वारा वरून खाली कोसळतो. होडी पाण्याने भरत होती आणि प्रभू मागच्या बाजूला उशी घेऊन झोपला होता. शिष्यांनी त्याला उठवलं ते काही स्तुतिगीत गाऊन नाही. आम्ही बुडतोय आणि तुम्हाला काहीच नाही का, अशा भाषेत उठवलं. कोळीच ते, त्यांना पाणी कळत होतं. प्रभूने आधी वारा शांत केला आणि मग विचारलं, तुम्ही असे का घाबरलात? मत्तयात हा क्रम उलटा आहे, ते तुला कुणीतरी दाखवेलच. मला मार्काचा क्रम आवडतो. बुडणाऱ्याला आधी बाहेर काढावं, विचारपूस मागाहून.

त्याच अध्यायात 36व्या वचनाच्या शेवटी एक छोटी गोष्ट आहे. इतकी वर्षं वाचूनही मी तिच्यावरून घसरून जात होतो. त्याच्याबरोबर दुसऱ्याही होड्या होत्या, असं लिहिलंय. बस, पुन्हा त्यांचा उल्लेख नाही. वादळ त्यांच्यावरही आलं असणार. त्यांच्यात प्रभू बसलेला नव्हता, त्यांनी कुणाला हाक मारल्याचंही लिहिलेलं नाही. तरी वारा पडला तो त्यांच्यासाठीही पडला.

हे मला कळलं 2017 साली, आणि तेव्हाही लगेच नाही. दसऱ्यापर्यंत पऱ्हाटी छातीला लागत होती. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर होतो. मग फुलं उमलायच्या ऐवजी गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली दिसायला लागली. त्याला डोमकळी म्हणतात, हे नंतर समजलं. बोंडं बाहेरून ठणठणीत. एका दुपारी धुऱ्यावर बसून मी एक हिरवं बोंड दगडाने फोडलं. आतला कापूस पिवळा पडून चिकटलेला, आणि सरकी पोखरून बसलेली गुलाबी अळी, नखाएवढी. दुसरं फोडलं. मग तिसरं. वीस फोडली, सतरांत ती होती. आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक कास्तकारांनी त्या वर्षी असंच धुऱ्यावर बसून बोंडं फोडली.

त्यानंतर दोन महिने मी प्रार्थना केली नाही. चर्चला जायचो, मंडळीचा वडील म्हणून पुढच्या बाकावर बसायचो, मान खाली घालायचो. आत काही नव्हतं. हे मी आजवर पाळकसाहेबांनाही सांगितलेलं नाही.

तेव्हा मंडळीतली एक म्हातारी आली. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो. पदराखाली ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. मला वाटलं, आता वचन काढेल. तिने ताट समोर सरकवलं आणि म्हणाली, "आंधी खाय. मंग भांडजो देवासंग." मी खाल्लं, आणि दुपारी झोपलो ते संध्याकाळीच उठलो.

पुढे कधीतरी बायबलातलं राजांचं पुस्तक वाचताना लक्षात आलं की एलीया संदेष्ट्यावर झाला तोच उपचार तिने माझ्यावर केला होता. तो झुडपाखाली पडून मरण मागत होता, आणि देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, आणि उठवून पुन्हा खाऊ घातलं. म्हणून पहिलं सांगणं हेच, दोन वेळा जेव. उपाशी पोटी माणसाला देवाचाही आवाज रागावल्यासारखा ऐकू येतो.

शांती आधी आली की आनंद? माझ्या बाबतीत आनंद आधी आला, आणि तोही शेळीमुळे. नाताळची गाणी म्हणत पोरं अंगणात आली. एकाच्या हातात काडीवर लावलेला कागदी तारा. सगळे डोळे मिटून प्रार्थनेला उभे, आणि आमच्या शेळीने तारा खाल्ला, काडीसकट ओढून. पोट्टं रडायला लागलं, बाकीचे हसायला, आणि मीही हसलो. हसताना मला धक्का बसला की हे अजून आहे आपल्यात.

शांती आली ती शेजारच्या वावरातून. शेजारी तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचा, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला बसणारा. त्याचीही पऱ्हाटी तशीच गेली. मदतीचे अर्ज आम्ही एका रांगेत भरले, पऱ्हाट्या एकमेकांच्या बैलांनी उपटल्या. तो बोलायचा, मी ऐकायचो, पुढे उलट. रात्री घरी आलो की त्याच्यासाठी दोन शब्द मागायचो. स्वतःसाठी मागवत नव्हतं, त्याच्यासाठी जमायचं. तिथूनच माझी प्रार्थना परत सुरू झाली.

विश्वास असला की नाला उतरतोच, असं तुला मी सांगणार नाही. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाचं आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1863 साली टाकळघाटची जुनी दगडी वर्तुळं पाहून परतताना पुरात बुडून गेले. पाण्याने त्यांचा विश्वास मोजला नाही.

आणि प्रभूत आनंद करा म्हणणारा प्रेषित पौल? फिलिप्पैकरांना ते पत्र त्याने कैदेत बेड्या असताना लिहिलं. त्याच पत्रात तो म्हणतो, माझा सोबती एपफ्रदीत आजारातून वाचला नसता तर मला दुःखावर दुःख झालं असतं. म्हणजे आनंदाच्या पत्रातही त्याने दुःख खोडलेलं नाही. याच पौलाचं जहाज रोमला जाताना वादळात सापडलं होतं. प्रेषितांची कृत्ये, 27वा अध्याय. माणसं 276. रात्री खडकाची भीती वाटली तेव्हा खलाशांनी मागून चार नांगर टाकले आणि उजाडण्याची वाट पाहिली. चौदा दिवस कुणी धड खाल्लं नव्हतं. पौलाने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. शेवटी जहाज फुटलं. माणूस एकही गेला नाही. तुमचं वावर सावकाराकडे जाईल की राहील, मला माहीत नाही. गेलं तरी माणसं काठावर आणायची आहेत.

आता जे तू लिहिलं नाहीस त्याबद्दल. "कधी कधी वाटतं की" एवढं लिहून पुढे टिंबं दिलीस. त्या टिंबांपाशी मीही जाऊन आलोय. झोप येत नाही हे डॉक्टरला सांग. त्याने विश्वास कमी होत नाही, शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता. 14416 या नंबरवर सरकारची टेली मानस सेवा आहे, फुकट, रात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. आज रात्री आईच्या खोलीतच झोप. तिला खरं ते सांग, तिला बहुतेक आधीच कळलंय.

प्रार्थना सुचत नसेल तर स्तोत्र 88 मोठ्याने वाच. ते अंधारातच संपतं, शेवटी कुठे उजेड नाही. तरीही ते शास्त्रात ठेवलंय. रविवारी उभं राहावंच लागलं तर तेच वाच आणि खाली बस. कुणी काही म्हटलं तर माझं नाव सांग.

मी उद्या सकाळच्या पहिल्या एसटीने येतोय. फवारणीचे डबे मी माझ्याबरोबर घेऊन जाईन, मला पाहिजेत असंच घरात सांग. सडलेली गंजीही दोघं मिळून पाहू, खालचा थर कधी कधी कोरडा निघतो. आईला सांग, चहा गुळाचा चालेल.

हे वाचलंस की नुसतं "हो" टाक.

तुझा,
संडेस्कूलचा मास्तर