शिबिर घ्यावं की दर शनिवारी जावं?

प्रश्न : आमचं महिला मंडळ दर शनिवारी बाणगंगा भागातल्या एका वस्तीत जातं. तिथल्या दहा-बारा बायकांचे गुडघे, कंबर वर्षानुवर्षं दुखतात. मेडिकलवरून सुट्या गोळ्या आणून रोज खातात. फुकट तपासणी शिबिर घ्यावं का? आमच्यात डॉक्टर कुणी नाही. – एक वाचक, इंदूर

उत्तर : शिबिर नको. तीन महिन्यांहून जुनं दुखणं एका तपासणीनं जात नाही. शिबिरात मिळालेली गोळ्यांची पट्टी संपली की बाई पुन्हा मेडिकलवर. तुम्ही दर शनिवारी जाता, हेच तिथं कामाचं आहे.

पहिल्या शनिवारी प्रत्येकीला घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगा, रिकाम्या पट्ट्यासुद्धा. वेगळ्या नावांच्या दोन पट्ट्यांत एकच औषध निघणं नेहमीचं आहे. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या रोज घेतल्या तर जठरात जखमा होतात, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी. शौच डांबरासारखं काळं होत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कागदाच्या पुडीतल्या बिननावाच्या गोळीनं 'एकदम आराम' पडत असेल तर ते स्टेरॉइड असू शकतं. इथं घाई करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर उलट्या होऊन, रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. पुडीसकट डॉक्टरांकडे न्या. आशाताई बरोबर असल्या तर आरोग्य केंद्रात काम लवकर होतं.

मग वही घाला. 'शून्य ते दहापैकी किती दुखतं' या प्रश्नाला वयस्कर बायका गोंधळतात. 'रुपयात किती आणे?' विचारलं की लगेच 'बारा आणे' येतं. शेजारी अडलेलं एक काम लिहा : भरलेली बादली उचलणं, उकिडवं बसणं. आणे कमी होण्याआधी बहुधा काम सुधारतं, आणि ते वहीत दिसलं की बाई व्यायाम सोडत नाही.

गुडघ्यासाठी : पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, ती गुडघ्यानं दाबून पाच आकडे मोजायचे, सोडायचं. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडी घट्ट झालेली हाताला लागली पाहिजे. श्वास रोखला जातो, म्हणून आकडे मोठ्यानं म्हणायला लावा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुसऱ्या सकाळीही दुखणं वाढलेलं असेल तर संख्या निम्मी करा, बंद नको. सगळ्यात जास्त चुकतं ते बरं वाटतं त्या दिवशी : साचलेलं धुणं एका बैठकीत उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरूण धरायचं. वीस मिनिटं काम, मग पाय लांब करून पाच मिनिटं विसावा. भांडी घासायला उंच स्टूल, शौचाला खुर्ची.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद अचानक कमी होणं, यांपैकी काहीही दिसलं तर शनिवारची वाट न पाहता थेट एमवाय या इंदूरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. दुखण्याबरोबर ताप, घटतं वजन किंवा नुकतंच पडणं असेल तरी डॉक्टरांना लवकर दाखवा.

प्रश्न : त्यांतल्या एकीच्या तळपायांची रात्री आग होते. बामनं काही होत नाही.

उत्तर : होणारही नाही. आग आणि मुंग्या हे बहुधा नसांचं दुखणं. त्यावर नेहमीची दुखण्याची गोळीही फारशी चालत नाही, औषधं वेगळी असतात आणि ती डॉक्टरांनीच द्यायची. आधी साखर तपासा. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ही बघायला सांगा. तळवे रोज आरशात पाहायचे. बधिर पायाला चटका कळत नाही, म्हणून शेकायला गरम पाण्यात पाय बुडवणं आजपासून बंद.