ब्रेक लागला की सुटला?

विश्रामबाग, सांगली

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी आई परवा मार्केट यार्डाजवळ भेटली. "कानाला डबे लावून विमानापुढं हात हलवत उभा असतो," एवढंच तिला तुझ्या नोकरीतलं कळलंय. मी हसलो, पण घरी आल्यावर झोप लागेना.

यार्डात हळदीचा ट्रक मागं घेताना क्लीनर "येऊ दे, येऊ दे" करतो, पत्र्यावर थाप मारतो, "बास!" चुकलं तर भिंतीचा गिलावा जातो. विमानात आरसा नाही. कॅप्टनला स्वतःची चाकं दिसत नाहीत. त्याच्यापाशी तुझे हात आणि हेडसेटवरचा तुझा शब्द, एवढंच.

माझ्या विमानतळावरच्या नोकरीतली गोष्ट सांगतो. रात्रीची पाळी, पाऊस. विमान बेवर, म्हणजे उभं करायच्या जागेवर आलं, इंजिनं बंद झाली. मी हेडसेटवर विचारलं, "ब्रेक?" वरून आलं, "ओके." मी समजलो, लागलाय. तो समजला, चोक, म्हणजे चाकाला अडवणारे ठोकळे, लागले, आता ब्रेक सोडा म्हणतायत. तापलेले ब्रेक निवावेत म्हणून चोक लागल्यावर सोडतातही. आमचा पोरगा तेव्हा चोक घेऊन मोठ्या चाकाशी वाकलेला. विमान वीतभर सरकलं. रबराचा चोक टायरखाली करकचला आणि त्यानं हात ओढून घेतला. कितीतरी वेळ तो आपली बोटं बघत उभा होता. चौकशीत मी म्हणालो, विचारलं होतं. कॅप्टन म्हणाला, उत्तर दिलं होतं. दोघंही खरं बोलत होतो!

तेव्हा "ओके", "हां", "झालं" असली उत्तरं घेऊच नकोस. "ब्रेक सेट" किंवा "ब्रेक रिलीज्ड" हे शब्द कानावर पडेपर्यंत पुन्हा विचार. कॅप्टन वैतागला तर वैतागू दे. आणि तो मराठी निघाला म्हणून गप्पांच्या भाषेत शिरू नकोस. आपल्यात नकार शेवटी येतो. "ब्रेक सोडू नका" मधला "नका" आवाजात गेला, की उरतं काय?

हातांचंही तेच. ब्रेक लावायची खूण: उघडा पंजा खांद्याच्या वर, नजरेला नजर, मग मूठ. वरून अंगठा दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. चोक लावल्याची नि काढल्याची खूण जवळपास सारखीच, डोक्यावर धरलेल्या दिव्याच्या कांड्या एकदा आत, एकदा बाहेर. भिजलेल्या काचेतून हा फरक कळायला सावकाश हात लागतो. नवी पोरं इथंच घाई करतात.

३१ डिसेंबर २०२२ ला अमेरिकेत मॉन्टगोमेरी विमानतळावर एक जीव इंजिनात ओढला गेला. त्या विमानाचं एपीयू, म्हणजे शेपटीतलं वीज देणारं छोटं इंजिन, बंद होतं, म्हणून खालून वीज जोडेपर्यंत इंजिन चालू राहणार होतं. विमान येण्याआधी खालच्या लोकांना हे दोनदा सांगितलेलं होतं. इंजिन चालू असल्याचा इशारा देणारा लाल दिवा, बीकन, तोही चालू होता. मी हे पुन्हा पुन्हा वाचतो, तिथं अडतो. बीकन विझेपर्यंत तुझ्या टोळीतलं कुणी पुढं सरकलं तर दंडाला धरून मागं ओढ, वयानं मोठा असला तरी.

गणपतीला येशील तेव्हा दोन बॅटऱ्या घेऊन अंगणात उभा राहा. मी ओसरीवर खुर्ची टाकून कॅप्टन होतो. चष्मा काढून बसेन.

तुझा,
काका