इंटर्नशिपचा स्टायपेंड 20,000 आहे, तिसऱ्या महिन्यात टॅक्स कापून 14,000च आले, महिन्याचा खर्च कसा बसवू?

वयाने लहानच असशील म्हणून सरळ तू म्हणते, राग मानू नकोस. तू लिहिलंयस की बऱ्हाणपूरहून इंदूरला आलास, सुपर कॉरिडोरवर जुलै ते डिसेंबर 2025 अशी इंटर्नशिप आहे, पहिले दोन महिने पूर्ण 20,000 आले आणि सप्टेंबरचे एकदम 14,000च आले, एचआर नुसतं टॅक्स कापला म्हणते, आणि इकडे विजय नगरची रूम 5,500, टिफिन 3,500, पेट्रोल 2,500, मोबाईलचा हप्ता 2,300 आणि घरी 3,000, त्यात दिवाळी आली, आता काय करू.

आधी ते 6,000 गेले कुठे ते सांगते, मी आता अकाउंट्समधेच काम करते त्यामुळे हे रोज बघते. तुझ्या कंपनीने स्टायपेंड पगार म्हणून न दाखवता प्रोफेशनल फी म्हणून दाखवलेला दिसतोय, त्यावर 10 टक्के टीडीएस असतो, म्हणजे पैसे हातात द्यायच्या आधीच कापून सरकारकडे भरलेला टॅक्स. पण तो वर्षात 50,000 च्या वर रक्कम गेली की लागतो, एप्रिल 2025 च्या आधी ही मर्यादा 30,000 होती. तुझे दोन महिन्यांचे झाले 40,000, म्हणून काहीच कापलं नाही, तिसऱ्या महिन्यात 60,000 झाले आणि मर्यादा ओलांडली की मागच्या दोन महिन्यांसकट सगळ्यावर कापतात, 60,000 चे 10 टक्के म्हणजे 6,000, ते सगळे एकाच महिन्यातून गेले. कोणी फसवलं नाहीये. पुढचे तीन महिने 2,000 कापून 18,000 येतील. पगार म्हणून दाखवलं असतं तर एक रुपयाही कापला नसता, कारण 2025-26 साठी टॅक्सच्या नव्या पद्धतीत 4 लाखांपर्यंत टॅक्सच नाही आणि तुझे सहा महिन्यांचे मिळून होतात 1,20,000. प्रोफेशनल टॅक्सचीही, म्हणजे राज्य सरकार कमाईवर घेतं त्याची, काळजी नको, मध्यप्रदेशात वर्षाला सव्वादोन लाखांपर्यंत तो लागत नाही.

म्हणजे सहा महिन्यांत कापले जाणारे 12,000 हे तुझे पैसे आहेत, सरकारकडे ठेवलेले. रिटर्न भरलास, म्हणजे वर्षाची कमाई आणि कापलेला टॅक्स सरकारला कळवलास, तर परत येतील, नाही भरलास तर कोणी आपणहून आणून देणार नाही. हे मी इतकं ठासून सांगतेय कारण माझे गेले.

2017 मधे मी ग्वाल्हेरहून इंदूरला आले, लोकमान्य नगरात एका काकूंकडे खोली, 12,000 स्टायपेंड. माझंही अगदी असंच, दोन महिने पूर्ण आणि तिसऱ्याला 8,400. दिवाळी पंधरा दिवसांवर. टिफिनवाल्या मावशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकीच्या खाड्यांवर पेनाने गोल करायच्या आणि महिन्याला बोटाने मोजून हिशोब सांगायच्या, त्या महिन्यात माझ्या नावाचे गोल वाढले कारण मी मुद्दाम खाडे करायला लागले, रात्री पोह्यांवर भागवायचं. मावशींनी चौथ्या दिवशी विचारलं, बरं नाही का गं? मी हो म्हटलं. घरी कळवलं नाही, ऑफिसात विचारलं तर टीडीएस आहे एवढंच उत्तर, मला वाटलं टॅक्स म्हणजे गेलेच पैसे. सहा महिन्यांचे मिळून 7,200. पुढे नोकरीत लागल्यावर कळलं की ते परत मिळत होते, तोपर्यंत रिटर्नची मुदत उलटून गेली होती. नंतरही विलंबमाफीचा अर्ज करता येतो पण तेव्हा ते मला माहीत नव्हतं.

आता खर्चाचं. तू मनात 20,000 धरून खर्च लावलेत, तिथेच गडबड आहे. सहा महिन्यांत हातात येणार 20, 20, 14 आणि मग 18 तीनदा, बेरीज 1,08,000, म्हणजे महिन्याला 18,000 हाच तुझा खरा आकडा. तुझे ठरलेले खर्च होतात 16,800. उरले 1,200, दिवसाला 40 रुपये. सकाळी पोहे-जलेबी आणि चहा घेतला की संपले, सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, एक रात्र मित्रांबरोबर भुट्ट्याचा कीस खायला गेलास की आठवडा गेला. खाऊ नकोस असं मी म्हणत नाही, इंदूरला राहून सराफ्यात जायचं नाही हे कसं जमायचं, पण मग 16,800 मधलं काहीतरी हलवावं लागेल आणि रूम-टिफिन तर हलत नाही. माझ्या मते घरचे 3,000 आणि पेट्रोल हे दोनच हलतात. विजय नगरहून तुझ्याच बाजूला जाणारं ऑफिसातलं कोणीतरी नक्की असेल, आठवड्यातून तीन दिवस एक गाडी काढा. आणि बाबांना स्पष्ट सांग की डिसेंबरपर्यंत 1,500 पाठवीन, उरलेले रिफंड आला की. स्लिप दाखव, आकडे दाखव. मुलगा उपाशी राहून पैसे पाठवतोय हे नंतर कळलं तर त्यांना जास्त लागेल, माझ्या आईला लागलं होतं.

या महिन्याचा खड्डा मात्र आता भरायचाच आहे. मित्राकडून उसने घे, रूमच्या मालकाला दहा दिवस थांबायला सांग, पण ते पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲप चुकूनही डाउनलोड करू नकोस, मोबाईलचा हप्ता एक आहे तोच पुरे. हप्त्याची तारीख स्टायपेंडनंतरची करून मिळते का तेही विचार, कारण बाउन्स झाला की दंड वेगळा आणि सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, वेगळा खराब.

पैसे आले त्याच दिवशी भाडं आणि टिफिन देऊन टाकायचं, घरचे पाठवायचे, उरलेल्याचे चार भाग करायचे आणि दर सोमवारी एक भाग दुसऱ्या खात्यात टाकायचा, आणि यूपीआय फक्त त्या दुसऱ्या खात्याला जोडायचं. मी अजून असंच करते. शुक्रवारी खातं रिकामं झालं की कळतं सोमवारपर्यंत थांबायचंय, महिनाअखेरीस कळून उपयोग नसतो.

आणखी एक, ज्याचा कोणी विचार करत नाही, डिसेंबर संपल्यावर काय? डिसेंबरचे पैसे जानेवारीत येतील, नोकरी तिथेच लागली तरी पहिला पगार जानेवारी संपल्यावर, नाही लागली तर तेवढाही नाही. रिफंड पुढच्या उन्हाळ्याच्या आधी येत नाही त्यामुळे तो या हिशोबात धरूच नकोस. नोव्हेंबर-डिसेंबरमधे निदान एका महिन्याचं भाडं आणि टिफिन बाजूला पडेल एवढं बघ.

रिटर्नसाठी आत्ता एवढंच कर, कंपनीकडे पॅन बरोबर दिलाय ना ते बघ, पॅन नसेल तर 10 ऐवजी 20 टक्के कापतात. पॅन-आधार लिंक आणि बँक खातं आयकर पोर्टलवर प्रीव्हॅलिडेट, म्हणजे आधीच तपासून, करून ठेव, खात्यावरचं नाव पॅनशी जुळलं पाहिजे नाहीतर रिफंड अडकतो. एप्रिलनंतर फॉर्म खुले झाले की जुलै संपायच्या आत भर आणि 30 दिवसांत ई-व्हेरिफाय कर, ते राहिलं तर भरलेलं भरल्यासारखं धरत नाहीत. फॉर्म कोणता ते पगार दाखवलाय की फी यावर ठरतं, पहिल्यांदा एखाद्या सीएकडून भरून घे, थोडी फी जाईल पण 12,000 येतील.

जुलै ते सप्टेंबरच्या कपातीचा तपशील कंपनीला 31 ऑक्टोबरपर्यंत द्यावा लागतो, त्यानंतर काही दिवसांनी पोर्टलवर फॉर्म 26एएस, म्हणजे तुझ्या नावावर जमा टॅक्सची यादी, उघडून तुझ्या पॅनवर 6,000 दिसतात का बघ. कंपनीने कपात ऑक्टोबरच्या तारखेला दाखवली असेल तर जानेवारीनंतर दिसेल. दिसले नाहीत तर एचआरला स्लिप जोडून मेल कर आणि फॉर्म 16ए, म्हणजे टीडीएस कापल्याचं सर्टिफिकेट, माग, फोनवर विचारू नकोस, मेलच कर.